तोंडानं नाही म्हणा

चाफोलीच्या ग्रामीण रुग्णालयातून 'नाही' हा शब्द हद्दपार झाला, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. कुणी बंदी घातली नव्हती. तो उच्चारायची वेळच कुणावर येत नव्हती. गर्भपातासाठी आलेल्या बाईचं नाव खिडकीवर नोंदलं गेलं, की आत डॉक्टरांच्या मनगटांवरच्या पट्ट्या आपापसात काय ते बोलून घेत आणि बाईच्या फोनवर गोड आवाजात निरोप येई, 'आपली सोय नेसवडे येथे करण्यात आली आहे. सरकारी गाडी फाटकापाशी उभी आहे. आपल्या प्रकृतीसाठी शुभेच्छा.' बाई मुकाट गाडीत बसे. गाडीला ड्रायव्हर नसे. त्याच्यापाशी तरी मन मोकळं करावं म्हटलं, तर तीही सोय नव्हती.

डॉ. गोदावरी सातपुते यांना ही व्यवस्था फार आवडत असे. पन्नाशी उलटलेल्या, गोल चेहऱ्याच्या, कपाळाला बुक्का लावून ओपीडीत बसणाऱ्या गोदाताईंच्या हातावर निम्मा तालुका जन्मला होता. संध्याकाळी काम आटोपलं की त्या मारुतीच्या देवळात दामूबुवांच्या मागे झांज घेऊन उभ्या राहत. ऑपरेशनच्या टेबलाशी कधी न थरथरणारा त्यांचा हात बुवांचं आख्यान रंगात आलं की सारखा पदराकडे जाई, डोळे पुसायला.

गर्भपात मात्र त्यांनी कधी केला नव्हता. कायदा त्यांना पाठ होता आणि कायद्याशी त्यांचं भांडणही नव्हतं. अडत होतं ते त्यांच्या हाताचं. शिकत असताना पहिल्यांदा एका पोटावर यंत्र टेकवून त्यांनी आतला ठोका ऐकला, तेव्हा लांबच्या देवळात कुणीतरी मृदंग लावतंय असं त्यांना वाटलं होतं. त्या दिवशी मनानं जे धरलं ते धरलं. हा कुणीतरी मंडपात येऊन बसला आहे, आणि कीर्तनाला येऊन बसलेल्याला 'ऊठ' म्हणायचं नसतं.

पट्टी येण्याआधी हे त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगावं लागे. समोरच्या बाईचा उतरलेला चेहरा बघावा लागे, आणि मग त्यांना चैन पडत नसे. जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोन कर, बाईला एसटीत बसवून दे, पोचली का विचार, परत आली की तपास. एकदा सोबतीला कुणी नाही म्हणून एका मुलीबरोबर त्या स्वतःच जिल्ह्याला गेल्या होत्या आणि थिएटरबाहेरच्या बाकावर जप करत बसल्या होत्या. नकार द्यायचा म्हणजे मागे एवढा व्याप लागे. 'साक्षी' आली आणि व्याप संपला.

साक्षी हे त्या पट्टीचं नाव. मुळात ती थकलेल्या डॉक्टरांसाठी बनवली होती. माणूस निवांत असला, की त्याच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर एकसारखं राहत नाही. श्वास आत घेताना ते थोडं आखडतं, सोडताना सैल होतं. ताण आला की हा सैलपणा जातो आणि ठोके घड्याळासारखे टकटक पडू लागतात. तळव्यांना न दिसणारा घाम येतो, बोटांच्या टोकांचं रक्त आत ओढलं जातं. पट्टी हे सगळं टिपून घेई. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मनाविरुद्ध काम करतानाही हेच होतं. मग प्रत्येकाची थकव्याची खूण वेगळी नोंदवली, भीतीची वेगळी नोंदवली, आणि एकूण ताणातून या दोन्ही वजा केल्या. उरेल ते मन. त्या उरलेल्याला त्यांनी 'विरोधांक' म्हटलं. साठाच्या वर गेला, की हे काम या माणसाच्या विवेकाला मान्य नाही, असं समजून यंत्र रुग्णाला दुसरीकडे पाठवी.

लोकांनी स्वागतच केलं. आधी नुसत्या लिहून दिलेल्या नकारावर काम भागत होतं, तेव्हा काहींचा विवेक सरकारी वेळेत जागा असे आणि संध्याकाळी खासगी दवाखान्यात झोपी जाई. आता तसली चलाखी चालणार नव्हती. वजाबाकी कशापासून करायची, हे ठरवायला प्रत्येकाची अगदी शांत अवस्था आधी एकदा मोजून घ्यायची, असं ठरलं होतं. तिला म्हणत मूळरेषा.

चाफोली हे या प्रयोगातलं पहिलं रुग्णालय. मूळरेषा घ्यायला पुण्याहून दोन इंजिनिअर मुलं आली, तेव्हा सगळा स्टाफ बावचळला होता. "मनातलं सगळं दिसणार म्हणे," असं म्हणत लोंढे सिस्टरनी दोनदा चहा सांडला. 'स्वस्थ बसा' म्हटलं की कुणालाच स्वस्थ बसवेना. शेवटी गोदाताईंनीच तोडगा काढला. बुवांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग त्यांच्या फोनवर होतं, हरवलेल्या वासराचं आख्यान. ते त्यांनी हॉलमध्ये मोठ्यानं लावलं. बुवांचा आवाज आला तशी खांदे उतरले, टाळांच्या ठेक्यावर बोटं हलू लागली, हॉलमधले श्वास नकळत एका लयीत पडले. "मॅडम, इतकी स्वच्छ नोंद आम्हाला लॅबमध्येही कधी मिळाली नाही," तो इंजिनिअर मुलगा म्हणाला होता. गोदाताईंना त्याचा आजवर अभिमान होता.

त्या मंगळवारी दुपारी त्या डबा घेऊन फणसाच्या झाडाखालच्या बाकावर आल्या, तर तिथं आधीच एक बाई बसलेली. तिशीची, काटक. बोटांची टोकं काळी पडलेली. काजूच्या कारखान्यातली असणार, हे गोदाताईंनी बघताक्षणी ओळखलं. काजूबीच्या टरफलाचं तेल कातडीत उतरलं की साबणाला दाद देत नाही.

"तुमीच न्हवं का हितल्या मोठ्या डॉक्टरीणबाई?" ती म्हणाली.

"हो. ओपीडी आता तीनला उघडेल हं."

"ओपीडीला कशाला जाऊ? तिथं माणूस भेटत न्हाई." तिनं फोन पुढे केला. "हे वाचा. आधी हितं आले, तर म्हणं नेसवड्याला जा. नेसवड्यातनं कापशिऱ्याला. कापशिऱ्यातनं जिल्ह्याला. आणि आज जिल्ह्यातनं गाडीनं कुठं आणून सोडलं? हितंच! घाण्याला बैल तरी तेल काढतोय. मी काय काढलं?"

गोदाताईंनी फोन हातात घेतला. चार निरोप, चारही गोड. चौथ्याच्या खाली, आजच्या तारखेला, पाचवा येऊन पडला होता : 'आपली सोय नेसवडे येथे करण्यात आली आहे.'

फाटकापाशी पांढरी गाडी दार उघडून उभी होती.

"नाव काय तुझं?"

"कलावती दुर्गुळे. माळवाडीची." तिनं पोटावर पदर ओढला. "तांबी बसवली हुती, ती सरकली. दोन हायत मला. सासू अंथरुणाला खिळलीया. पन कारनं सांगून सांगून तोंड दुखलं बघा. मला नको हाय. कायदा म्हणतोय चालतंय, मग ही गाडी का फिरवतीया मला? शुक्रवारी मुदत सपतीया माझी. म्होरं कुणालाच करता येत न्हाई म्हणं."

"किती दिवस फिरते आहेस?"

"काजूचा हंगाम सुरू हुता तवापास्नं." ती थांबली. "बाई, एक काम करा. तुमचं माझं काय वैर न्हाई. तुमी मला तोंडानं न्हाई म्हणा. कुणीतरी म्हणा. म्हंजे मला कळंल तरी कुणाशी भांडायचं."

गोदाताईंनी तोंड उघडलं. साधा दोन अक्षरांचा शब्द, पण आयुष्यभर हाताशी असलेली वस्तू ऐन वेळी सापडू नये, तसा तो सापडेना.

"मी... बघते काय करता येतं."

"सगळी असंच म्हणत्यात," कलावती म्हणाली. "मी काय आता गाडीत बसायची न्हाई. उद्या येती, परवा येती. ह्या बाकावर बसती. बघू कोन उठवतंय."

शेवटचा शब्द गोदाताईंच्या कानात रुतून बसला.

ओपीडीत त्यांनी डॉ. फरहान मुजावरला गाठलं. फरहान मिरजेत शिकून आलेला, तिशीही न गाठलेला, हसऱ्या तोंडाचा डॉक्टर. नेमणुकीच्या वेळी 'मी सगळी कामं करीन' असं त्यानं ठणकावून सांगितल्याचं त्यांना आठवत होतं.

"मग करत का नाहीस?" त्यांनी एकदम विचारलं.

फरहाननं मनगट वर केलं. "ही सांगते ना. पहिलीच केस आली आणि आकडा चौऱ्याऐंशी. मीच चाट पडलो, मॅडम. मला वाटत होतं, मला काही वाटत नाही. मग म्हटलं, माझ्या आत माझ्यापेक्षा बरा माणूस बसला असेल, आणि मलाच त्याची ओळख नसेल." तो जरा लाजला. "अम्मीला सांगितलं, तर तिनं सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. आता मलाही ते खरं वाटतं. कधी कधी."

"आणि कधी कधी?"

"कधी कधी वाटतं, मी विचारच केला नाही. आयतं उत्तर मिळालं."

संध्याकाळी देवळात जाताना त्या पट्टी काढायच्याच विसरल्या. एरवी ती टेबलाच्या खणात असे. आज डोक्यात कलावती होती. पाय आपोआप मारुतीकडे वळले. बुवांनी पूर्वरंग आटोपून आख्यान धरलं, झांज लयीला लागली, आणि मनाची तगमग नेहमीप्रमाणे ओसरू लागली. हात वर गेला तेव्हा त्यांचं लक्ष मनगटाकडे गेलं. पट्टीवर हिरवा दिवा होता. रुग्णालयात त्यांनी तो हिरवा झालेला कधीच पाहिला नव्हता, कायम तांबडाच. हिरव्याच्या खाली ताणाचा आकडा होता : शून्य.

नुसता कमी नव्हे, नेमका शून्य. मूळरेषेवर अगदी बोट ठेवल्यासारखा.

त्यांची झांज चुकली. बुवांनी मान वळवून बघितलं.

कीर्तन संपल्यावर बुवा पायऱ्यांवर बसून दूध घेत होते. ऐंशीकडे झुकलेला, दात गेलेला, पण आवाज अजून देवळाच्या कळसापर्यंत नेणारा माणूस. गोदाताईंनी त्यांना सगळं सांगितलं. मोजणीच्या दिवशी त्यांचं कीर्तन लावलं होतं, ते. त्यामुळे यंत्रानं शांत माणूस म्हणजे कीर्तनातला माणूस असं धरलं असावं, ते. आणि कीर्तनाच्या तुलनेत सगळं जगच त्याला बेचैन दिसत असेल, ते.

बुवा आधी खो खो हसले. "म्हणजे माझ्या कीर्तनानं तुमचं रुग्णालय बंद पाडलं म्हण की! लोक म्हणतात, हल्ली कीर्तनाचा परिणाम होत नाही."

"बुवा, थट्टा करू नका. त्या बाईकडे बघवत नाही मला."

बुवांनी पेला खाली ठेवला. "हे बघ गोदा. माझ्यासमोर बसला की माणूस शांत होतो, ही काही माझी थोरवी नाही. इथं त्याला काही करायचं नसतं. वासरू हरवलं तर हरवलं, सापडलं तर सापडलं. तू रडतेस, मी रडतो, आणि घरी जाऊन जेवतो. करायची वेळ येते ती देवळाबाहेर. तिथं कुणी शांत राहिलेलं मी तरी बघितलं नाही."

"पण माझा विरोध खरा आहे, बुवा. यंत्र असो नसो."

"असेल की. मी कुठं खोटा म्हणतो? तो तुझा आहे ना, मग तुझ्यापाशी ठेव. त्या माळवाडीच्या पोरीच्या डोक्यावर कशाला देतेस वाहायला?"

गोदाताईंना जरा राग आला. त्या झांज उचलून उठल्या.

बुधवारी सकाळी त्यांनी फरहानला आणि लोंढे सिस्टरना आपल्या खोलीत घेतलं, दार लावलं. विरोधांक एरवी फक्त गर्भपाताच्या केसला मोजला जाई. फरहाननं यंत्रात एक खोटी केस उघडली, म्हणजे पट्टी आता जे काही घडेल ते त्याच कामाचं समजून मोजणार होती. मग त्यानं टेबलावरचा पेरू उचलला, मीठ लावलं आणि खाल्ला.

"मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला, "पेरू खायला माझ्या विवेकाचा विरोध आहे. एक्याऐंशी."

लोंढे सिस्टर गॉझच्या घड्या घालत होत्या. त्यांचा आकडा सत्याहत्तर. "अगंबाई, वीस वर्षं मी पाप करत आले की काय?" म्हणून त्या हसत सुटल्या. हसताना आकडा आणखी चढला.

गोदाताईंनी हसता हसता डोळे मिटले. ओठ न हलवता रामनाम घेतलं, रोज सकाळी आंघोळीनंतर घेत तसं. सावकाश, मन लावून. मग डोळे उघडून मनगटाकडे पाहिलं.

त्र्याहत्तर. दिवा तांबडा.

खोलीतलं हसू थांबलं. "म्हणजे यंत्राच्या मते माझा देवाच्या नावालाही विरोध आहे," गोदाताई हळूच म्हणाल्या.

फरहान आपल्या पट्टीकडे बघत होता. "मग माझ्या आतला तो बरा माणूस?"

"तो आहे की नाही, हे तुलाच बघावं लागेल बाबा."

त्यांनी जिल्हा कार्यालयात फोन लावला. धनवडे साहेब साक्षीचं काम बघत, गोड बोलण्यात त्या निरोपांहून कमी नव्हते. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मॅडम, तुमची मूळरेषा फार सुंदर आली होती, म्हणून आम्ही तीच सबंध जिल्ह्याला प्रमाण म्हणून लावली. नेसवडे, कापशिरे, सगळीकडे. प्रत्येकाची वेगळी घ्यायला मनुष्यबळ कुठं आहे?"

 जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टरच्या अंतःकरणात दामूबुवांचं वासरू हंबरत होतं, आणि ते गोदाताईंनी स्वतःच्या हातानं सोडलं होतं.

"मग हे दुरुस्त करा. आजच्या आज."

"समिती बसेल, मॅडम. एक-दोन महिने धरा. आणि तक्रार म्हणाल तर एकही नाही. बाईला पुढे पाठवलं, की त्या रुग्णालयाचं काम पूर्ण धरलं जातं. तुमचं काम शंभर टक्के पूर्ण आहे!"

"माझ्या दारात एक बाई बसली आहे. तिच्यापाशी शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

धनवडे साहेबांनी आवाज खाली आणला. "एक वाट आहे. नियमात आहे, पण कुणी वापरत नाही. डॉक्टर साक्षी उतरवून ठेवू शकतो, आणि स्वतःच्या जबाबदारीवर हो किंवा नाही सांगू शकतो. पण एकदा उतरवली की विवेकाचं कवच, म्हणजे ही परस्पर पुढे पाठवायची सोय, गेली. पुन्हा मिळत नाही. मग प्रत्येक केस तुमच्याकडे येणार, आणि प्रत्येकीला तुम्ही स्वतः उत्तर द्यायचं. या वयात कशाला तो ताप, मॅडम? आणि या बाईचे दिवस पुढे गेलेत, म्हणजे दोघा डॉक्टरांचं मत लागणार. एकानं उतरवून भागायचं नाही."

दोघा डॉक्टरांचं. चाफोलीत डॉक्टर दोघेच होते.

फरहाननं पट्टी तिथल्या तिथं सोडून टेबलावर ठेवली. "मी करीन, मॅडम. आत बरा माणूस असेल तर तो मला नंतर बोलेल. दुसरं मत..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मोठ्यांना आग्रह करायचा नाही, अशी त्याच्या घरची रीत होती.

गोदाताई खिडकीशी गेल्या. फणसाखाली कलावती मांडीवर सूप घेऊन बसली होती. कारखान्यातून घरी आणलेल्या गरांची तांबूस साल ती सुरीनं काढत होती. एकदाही वर बघत नव्हती. येणारे-जाणारे तिला टाळून जात होते. लोंढे सिस्टर मात्र चहा देऊन आल्या होत्या.

तो दिवस गोदाताईंनी कसाबसा काढला. एका बाळंतपणात त्यांनी नाळ कापली, बाळाला उलटं धरलं, बाळ रडलं, सगळे हसले. त्यांना मात्र एकच दिसत होतं, सूप आणि सुरी. आपण बरोबर आहोत की नाही, हा प्रश्न त्यांना फारसा छळत नव्हता. आपल्याला जे वाटतं ते खरंच आपल्याला वाटतं, याची खात्री इतके दिवस मनगटावरून मिळत होती. ती गेल्यावर आतून काय बोलतं हे ऐकायला त्या थांबल्या, आणि आतून आलेला आवाज तोच होता, जुना. नाही. त्यांना हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. कारण त्या 'नाही'च्या मागे आता एसटी नव्हती, फोन नव्हता, बाकावरचा जप नव्हता. नुसती एक पांढरी गाडी होती.

गुरुवारी सकाळी त्या फणसाखाली गेल्या आणि कलावतीच्या शेजारी बसल्या. तिनं सूप जरा सरकवून जागा केली.

"तू म्हणालीस तोंडानं सांगा. सांगते," गोदाताई म्हणाल्या. "माझं मन नाही म्हणतं. यंत्र नव्हे, मीच. मला वाटतं, मंडपात एक जीव येऊन बसलाय. बसलेल्याला मी उठवत नाही."

कलावतीनं सुरी थांबवली. तिचा चेहरा बदलला नाही. "मंडप?" ती म्हणाली. "बाई, ते मंडपात न्हाई बसलेलं. माझ्या अंगावर बसलंय. माझ्या अंगाला कुणी इचारलं का, जागा हाय का म्हणून?"

 गोदाताईंनी आजवर ऐकलेल्या कीर्तनांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"पन बरं केलंसा सांगितलं," कलावती गर गोळा करत म्हणाली. "आता मी जाती. माजं मी बघती."

'माझं मी बघते' म्हणणाऱ्या बाया पुढे कुठं जातात आणि कोणत्या अवस्थेत परत येतात, हे गोदाताईंनी पट्टीच्या आधीच्या काळात डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तिचा हात धरला. तिच्या बोटांचा काळा डाग त्यांच्या तळव्याला घासला.

"बस खाली. माझं बोलून झालं नाही अजून. ते नाही माझं आहे. ते माझ्यापाशी राहू दे, मी त्याचं काय करायचं ते करीन. तू त्याच्यापायी चार गावं हिंडलीस, ते काही त्यात लिहिलेलं नव्हतं. फरहान डॉक्टर करतील. दुसरं मत माझं. कायद्यात बसतंय, तुझ्या प्रकृतीला झेपतंय, आणि तुला हवंय, एवढंच मला सांगायचंय. तेवढं खरं आहे, आणि ते मी सांगते."

त्यांनी पट्टीची कळ दाबली. ती सुटली. मनगटावर उन्हानं न रापलेला फिकट पट्टा उघडा पडला. पट्टीनं एकदा थरथरून विचारलं, 'कवच कायमचे रद्द करायचे?' आणि त्यांनी बोट टेकवलं.

कलावती त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण ती हात जोडायच्या भानगडीत पडली नाही.

"म्हंजे ती गाडी न्हाई न्हवं येनार?"

"नाही," गोदाताई म्हणाल्या. शब्द अगदी सहज आला.

दुपारी सगळं नीट पार पडलं. फरहानचा हात हलका होता. गोदाताईंना आत थांबायची गरज नव्हती, तरी त्या थांबल्या. कलावतीच्या उशाशी उभ्या राहून तिची नाडी धरली. तिची नाडी शांत होती. थरथरत होता तो त्यांचा स्वतःचा अंगठा. का, हे सांगायला मनगटावर काही नव्हतं. त्या मनात म्हणत होत्या, देवा, तुला जे विचारायचं ते मला विचार. हिला विचारू नकोस.

संध्याकाळी त्या देवळात निघाल्या, तेव्हा फरहान धावत फाटकापर्यंत आला. "मॅडम, फोन बघितलात? जिल्ह्यात पट्टी नसलेले डॉक्टर आपण दोघंच. यंत्रानं सगळ्या गाड्यांची दिशा बदलली आहे. नेसवडे, कापशिरे, जिल्हा, जिथं जिथं कुणी फिरत होतं, त्या सगळ्यांना चाफोलीचा निरोप गेलाय."

"किती जणी?"

"अजून येतायत नावं." तो हसायचा प्रयत्न करत होता. "तुम्ही प्रत्येकीला काय सांगणार?"

"मला काय ठाऊक? आधी समोर तर येऊ देत." मग त्यांना काहीतरी सुचलं. "लोंढे सिस्टरना म्हणावं, वरच्या हॉलमध्ये गाद्या घाला. आणि भाताचं मोठं पातेलं काढा. लांबून येतील, भुकेल्या असतील."

बुवांनी त्या दिवशी नेमकं वासराचंच आख्यान लावलं होतं. मुद्दाम की योगायोगानं, ते त्यांनाच ठाऊक. रान धुंडाळून दमलेली गाय ओढ्याकाठी उभी राहते आणि पलीकडून बारीक हंबरणं ऐकू येतं, तिथवर बुवा आले. देवळातली माणसं नेहमीप्रमाणे एका श्वासाची झाली. गोदाताईंची झांज तेवढी अडली. दोन्ही वाट्या हातात होत्या, त्या एकमेकींवर येईनात. डोळे पुसायला हात आज पदराकडे जात नव्हता. या आख्यानात वासरू सापडतं. इथून पुढे ते ऐकून त्यांना नुसतं घरी जाऊन जेवता येणार नव्हतं.

देवळाच्या उघड्या दारातून खालचा घाट दिसत होता. अंधार पडायला लागला होता. वळणावर एक दिवा दिसला, मग त्याच्या मागे दुसरा. ड्रायव्हर नसलेल्या गाड्या एकामागून एक चाफोलीकडे चढत होत्या.

बुवांनी मागे वळून बघितलं, आधी गोदाताईंच्या उघड्या मनगटाकडे, मग दाराबाहेर. त्यांनी पद थांबवलं. मंडळी चुळबुळली. मग बुवांनी तोच चरण पुन्हा पहिल्यापासून धरला, पण नेहमीच्या संथ लयीत नव्हे. जरा घाईच्या, अडखळत्या, धाप लागलेल्या माणसाच्या लयीत.

गोदाताईंनी दोन ठोके जाऊ दिले आणि तिसऱ्यावर झांज टाकली.